लेकीच्या शाळेवर टिकलेलं घर

आदेलिनो फ्राद माझ्या पोर्तुगीज कॅफेत पहिल्यांदा आला तेव्हा त्याने कॉफी मागितली नाही, कोथिंबीर मागितली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या यार्मथला येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला असेल. बरोबर दहा-अकरा वर्षांची लेक, योलांदा, तोंड फुगवून दाराशी उभी. म्हणाला, पोरगी इथलं काही म्हणजे काही खात नाही, तिला आसोर्दा करून घालायचाय, पण या गावात कोथिंबीर कुठे मिळते तेच कोणाला माहीत नाही. आसोर्दा म्हणजे शिळा पाव, लसूण, कोथिंबीर आणि वरून अंडं सोडलेलं गरम पाणी. गरिबाचं जेवण, पण आजारी माणूस उठून बसतो.

"आलेंतेजूचा दिसतोस," मी म्हणाले.

"कशावरून?"

"चार दिवस लेकीला उपाशी ठेवलंस आणि पाचव्या दिवशी कोथिंबीर शोधायला निघालास, त्यावरून."

आलेंतेजूची माणसं संथ, असं सगळा पोर्तुगाल म्हणतो आणि त्यावर विनोद करतो. दुसरा कोणी असता तर चिडला असता. हा हसला, आणि मागे योलांदाही हसली. मी स्वयंपाकघरातली जुडी काढून दिली. तेव्हापासून हे बापलेक माझ्याकडचेच झाले.

योलांदाची आई लक्झेंबर्गला गेली होती आणि तिने तिकडे दुसरा संसार मांडला होता. आदेलिनो त्याबद्दल बोलत नसे. टर्की नावाच्या मोठ्या कोंबड्या कापणाऱ्या कारखान्यात तो एजन्सीमार्फत लागला. गारठलेल्या हॉलमध्ये साखळीवरून टर्की येत राहायच्या, आणि उचलून उचलून माणसाचे खांदे भरून यायचे. पहाटेची पाळी असली तर तो उठून आधी लेकीच्या वेण्या घालायचा. वेणी घालायला त्याला मीच शिकवलं, कॅफेतल्या पडद्याच्या दोऱ्यांवर. आधी दोरीची गाठ व्हायची, मग हळूहळू वेणी व्हायला लागली. पत्ते खेळणारी मंडळी त्याला चिडवायची, तो शांतपणे वेणी पुरी करायचा.

मग त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टरने सांगितलं, जड उचलायचं नाही. एजन्सीने चांगलं बोलून फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. आदेलिनोने हातात मिळेल ते केलं. कुठे बागेला कुंपण रंगव, कुठे भांडी घास. त्यातलं एकही काम धड टिकलं नाही. मग तो सरकारदरबारी काम शोधणारा म्हणून नाव घालून बसला, आणि घरभाड्याला मदत मिळायला लागली. पण त्या वसंतात नियम बदलला. युरोपातून आलेला माणूस नुसता काम शोधत असेल तर त्याला घरभाड्याची मदत बंद. सलग पाच वर्षं हक्काने राहिल्याची भरली असती तर त्याला कोणी हात लावला नसता, पण मधल्या सुटलेल्या कामांमुळे त्याची भरली नव्हती. मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसने त्याच्या बाजूने काय काय लागू पडतं ते पाहिलं, काही लागू पडत नाही असं ठरवलं आणि तसं कळवलं. घरमालकाने नोटीस दिली. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही बँकेचे हप्ते होते.

आम्ही दोघं मॉरीन टडनमकडे गेलो. ही बाई चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा बसायची आणि लोकांना सल्ला द्यायची. खास इथलीच, नॉरफक परगण्यातली, बोलणं रांगडं, चष्मा कायम डोक्यावर. आदेलिनोचं इंग्रजी कारखान्यापुरतं, म्हणून मधे मी. तिने कामाचं विचारलं, खांद्याचं विचारलं, मान हलवत राहिली. मला वाटलं, संपलं. मग तिने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मुलगी शाळेत जाते?"

आदेलिनो मला आमच्या भाषेत म्हणाला, "तिला सांग, जाते. अधूनमधून बुडवते, पण कोण बुडवत नाही."

"जाते," एवढंच मी सांगितलं.

"आणि हा कारखान्यात कामाला होता तेव्हा मुलगी इथेच होती?"

"इथेच. वेण्या घालून शाळेत पाठवायचा."

मॉरीनने टेबलावर थाप मारली. चहाचा कप उडाला. "मग याला हक्क आहे. बाई, याला हक्क आहे आणि याला कोणी सांगितलंच नाही."

तिने समजावलं ते असं. युरोपातला कोणी इथे कामगार म्हणून राबला असेल तर त्याच्या मुलाला इथली शाळा पुरी करायचा हक्क आहे. बापाचं काम सुटलं तरी मुलाचा हक्क सुटत नाही. आणि मूल काही एकटं राहू शकत नाही, म्हणून जो त्याला सांभाळतो त्यालाही इथे राहायचा हक्क मिळतो. नुसता राहायचा नाही, घरभाड्याच्या मदतीचासुद्धा. आदेलिनोने आपल्या अर्जात लेकीच्या शाळेचं कुठे ठळकपणे मांडलंच नव्हतं. कशाला मांडेल? कोणाला वाटेल त्याचा याच्याशी संबंध आहे?

मी सगळं पोर्तुगीजमध्ये सांगितलं.

"म्हणजे मी तिला सांभाळत नाही," तो म्हणाला. "ती मला सांभाळते."

मी ते मॉरीनला सांगितलं तर ती म्हणाली, "कायद्यापुरतं तसंच."

त्या दिवशी कॅफेकडे परत येताना आलेंतेजूचा हा माणूस माझ्या पुढे चालत होता. मला धाप लागली. आत शिरल्या शिरल्या त्याने पत्त्यांच्या टेबलापाशी उभं राहून सगळं सांगून टाकलं, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, योलांदाला यातलं अक्षरही कळता कामा नये. पोरीच्या डोक्यावर हे ओझं नको. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मॉरीनने मुद्दा ऑफिसपुढे मांडला. ऑफिसने उत्तर दिलं की मुलीची आई हयात आहे, मग मुख्य सांभाळ बापच करतो हे कशावरून? ते ठरवायला जवळच्या नॉरिच शहरात जजपुढे जायचं ठरलं. घरमालक म्हणाला, निकालापर्यंत थांबतो, त्यापुढे माझा इलाज नाही.

आता कॅफेत काय चाललं असेल ते तुम्हीच बघा. सगळ्यांना वाटत होतं, पोरीने एक तास बुडवला तरी आदेलिनोला बोटीवर चढवतील. मॉरीनने सांगितलं होतं की तसं काही नाही, शाळेत नाव आहे तेवढं पुरे, पण ऐकतो कोण. पावाची गाडी चालवणारा विर्जिलियो, गडगड्या आवाजाचा, पोटाने सुटलेला, रोज सकाळी फेरी वाकडी करून योलांदाला शाळेच्या दारात सोडायला लागला. पत्ते खेळणारे तिला बघून डाव थांबवायचे आणि बीजगणित कसं चाललंय म्हणून विचारायचे. एकाने तर रसायनशास्त्राचं पुस्तक आणून दिलं, तेही पोर्तुगीजमधलं, त्याच्या मुलाचं, वीस वर्षांपूर्वीचं. योलांदा मला एकदा म्हणाली, "मावशी, या सगळ्यांना काय झालंय? कोणी मरणार आहे का?"

मी म्हणाले, तुझी दहावी-अकरावीची परीक्षा आहे म्हणून काळजी करतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कप पुसायला लागले.

ईस्टरच्या सुमारास गावात पाहुणे यायला लागतात, समुद्रासमोरची लॉजं भरतात. एका सकाळी विर्जिलियो अशाच एका लॉजच्या मागच्या दाराने पाव द्यायला गेला आणि समोर योलांदा. अंगाला अॅप्रन, हातात बादली. अर्ध्या तासापूर्वी यानेच तिला शाळेच्या दारात सोडलं होतं. ती पुढच्या दाराने आत गेली आणि मागच्या दाराने बाहेर पडली होती. विर्जिलियोने बादली काढून घेतली, तिला गाडीत पावांच्या शेजारी बसवलं आणि सरळ माझ्याकडे आणलं.

"शाळा सोडायची नाही," तो म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

"का?"

"का म्हणजे? शिक्षण. शिक्षण महत्त्वाचं असतं."

"तू चौथीत सोडलीस ना?"

पत्त्यांच्या टेबलावरून कोणीतरी खुदकन हसलं. विर्जिलियो लाल झाला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं: "अगं, तुझी शाळा सुटली की तुझ्या बापाचं घर सुटतं!"

आता झाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा घट्ट घट्ट होत होता. तेवढ्यात आदेलिनो आला. त्याला काही सांगावं लागलं नाही, लेकीकडे बघूनच त्याला कळलं.

"म्हणजे मी तुझा व्हिसा आहे," ती म्हणाली.

तो तिच्या समोर बसला. "कायदा तसं म्हणतो. मी नाही म्हणत. तुला शाळा नको असेल तर आत्ता सांग. मी हे सगळं मागे घेतो, सामान बांधतो, आपण एव्होराला आजीकडे जाऊ. मला चालेल. पण माझ्यासाठी म्हणून वर्गात बसायचं नाही. आणि माझ्यासाठी लोकांचे संडासही धुवायचे नाहीत."

"शाळा नको असं मी कधी म्हणाले?"

"मग बादली कशाला घेतलीस?"

"भाडं द्यायला!" ती रडायला लागली. "तू नोटीस कपाटाच्या वर ठेवलीस, मला दिसणार नाही असं वाटलं तुला? मला गणित आवडतं, बाबा. मला कॉलेजात जायचंय. मला त्या पवनचक्क्यांवर काम करायचंय."

आमच्या किनाऱ्यावरून समुद्रात पवनचक्क्या दिसतात, रांगेने उभ्या. आदेलिनोला पाण्याची एवढी भीती की तो धक्क्यावरून चालतानाही आतल्या बाजूने चालतो.

"समुद्रातल्या?" त्याने विचारलं.

"समुद्रातल्या."

तो माझ्याकडे वळला. "ओफेलिया, एव्होराचं काय म्हणत होतो मी? तिथे समुद्र नाही."

रडता रडता ती हसली. मी सगळ्यांना कॉफी दिली. विर्जिलियोने लॉजवाल्याला फोन करून सांगितलं की ती मुलगी येणार नाही आणि उद्यापासून पाव दुसऱ्याकडून घे. त्याचं ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, पण तो ती गोष्ट अजून अभिमानाने सांगतो.

नॉरिचची तारीख आली ती नेमकी योलांदाच्या गणिताच्या पेपरच्या दिवसाची. जजसमोर सकाळी, पेपर दुपारी. मॉरीनने तारीख बदलून घ्यायचा विचार केला, पण पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता आणि घरमालक तोवर थांबला नसता. आदेलिनोने लेकीला बजावलं: तू यायचं नाहीस, घरी बसून उजळणी करायची. त्या सकाळी आम्ही विर्जिलियोच्या गाडीपाशी गेलो तर ती गणवेश घालून पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर पट्टी-पेन्सिलीची पिशवी. उतरायला तयार नाही. विर्जिलियो म्हणाला, दुपारच्या आत परत आणून सोडणं माझ्याकडे लागलं. मग आम्ही पाचही जण, मॉरीनसकट, पावाच्या वासात कोंबून नॉरिचला निघालो.

मला वाटलं होतं, उंच खुर्ची आणि काळा झगा असेल. ती एक साधी खोली निघाली, लांब टेबल, पाण्याचे ग्लास. जज म्हणजे पांढऱ्या केसांची, बारीक आवाजाची बाई. ऑफिसतर्फे एक तरुण आला होता, नम्र होता बिचारा. दुभाषी लिस्बनची होती आणि आदेलिनोचं आलेंतेजू वळणाचं संथ बोलणं ऐकताना तिला हसू आवरावं लागत होतं.

मॉरीनने सगळ्यात आधी सांगितलं, मुलीचा दुपारी यार्मथला पेपर आहे. जजने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, मग आधी तिलाच ऐकते.

योलांदा उभी राहिली. जजने तिला बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, घरात कोण काय करतं, आजारी पडलीस तर कोण बघतं, आई कधी भेटते. ती भराभर सांगत गेली. आईचा फोन नाताळला येतो. बाकी सगळं बाबा. मग जजने विचारलं, "समज, तुझ्या वडिलांना हा देश सोडावा लागला. तू इथे राहून शिकशील का?"

योलांदाने माझ्याकडे पाहिलं. ती राहीन म्हणाली असती तर बापाचा हक्कच गेला असता. ही पोरगी खोटं बोलत नाही, ते मला माहीत होतं.

"जेवायला तर ओफेलियामावशी घालेल," ती म्हणाली. "झोपायलाही देईल. पण मी राहणार नाही. बाबा जिथे जाईल तिथे मी जाईन. मग शाळा अर्धीच राहील."

जजने लिहून घेतलं. "गणितात काय कठीण वाटतं?" तिने विचारलं.

"वर्तुळं."

"मलाही वाटायची. जा आता."

ती आणि विर्जिलियो धावतच बाहेर पडले. पुढचं मी विर्जिलियोच्या तोंडून ऐकलेलं सांगते, आणि ते तो दर वेळी थोडं वाढवून सांगतो. एकल गावाच्या पुढे दलदलीतून जो सरळसोट रस्ता यार्मथला येतो, त्यावर पुढची गाडी ओलांडायला जागा नसते. त्यांच्या पुढे आला ट्रॅक्टर, मागे गवताच्या गाठी लादलेला, बैलाच्या चालीने. विर्जिलियो हॉर्न वाजवतोय, दिवे लावतोय, देवाला आणि ट्रॅक्टरवाल्याला एकाच दमात हाका मारतोय. योलांदा शांतपणे शेजारी बसून वर्तुळांची सूत्रं म्हणतेय. शेवटी तिनेच खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि पट्टी-पेन्सिलीची पिशवी हलवत ओरडली की माझा पेपर आहे. म्हातारा ट्रॅक्टरवाला एका शेताच्या फाटकात वळून थांबला आणि त्याने टोपी काढून वाट दिली. ती वर्गात शिरली तेव्हा प्रश्नपत्रिका वाटायला लागले होते.

इकडे खोलीत आदेलिनोची पाळी आली. जजने विचारलं, शेवटचं पक्कं काम कधी केलं. त्याने सांगितलं. खांद्याचं विचारलं, तर याने दोन वाक्यांत आटपलं. मग तिने विचारलं, मुलीसाठी तुम्ही रोज काय करता? आणि हा सुटला. वेण्या. पडद्याच्या दोऱ्या. आता ती वेणी घालू देत नाही, केस कापून आली त्या दिवशी आपण कसं वाईट वाटून घेतलं. तिला कांजिण्या झाल्या तेव्हा ओट्सच्या पाण्याने आंघोळ कशी घातली. शाळेच्या पालकसभेत इंग्रजी कळत नाही म्हणून गणिताच्या बाईंचा चेहरा बघून आपण मार्क कसे ओळखतो. दुभाषी मागे पडायला लागली. ऑफिसचा तरुण लिहायचं थांबून ऐकत होता.

"फ्रादसाहेब," जज म्हणाली, "मला पुरेसं कळलं."

"अजून पोहायला शिकवायचं राहिलं," आदेलिनो म्हणाला. "ते मला येत नाही."

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. मॉरीनने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून डोक्यावर केला. आदेलिनो भिंतीवरचं आग लागली तर काय करायचं ते पत्रक वाचत होता, एक शब्द कळत नसताना. आत बोलावलं तेव्हा मी त्याचा हात धरला.

जजने फार लांबण लावली नाही. बाप इथे कामगार होता, मुलगी शिकते आहे, तिला मुख्यतः बापच सांभाळतो याबद्दल आपली खात्री झाली आहे, म्हणून त्याला राहायचा हक्क आहे आणि त्या हक्कावर घरभाड्याची मदतही मिळायला हवी. अपील मंजूर. दुभाषीने शेवटचा शब्द उच्चारायच्या आत मॉरीनने मला मिठी मारली. ऑफिसचा तरुण उठून आदेलिनोशी हात मिळवून गेला, आणि दारातून वळून म्हणाला, मुलीला शुभेच्छा सांगा.

आम्ही ट्रेनने परतलो. योलांदा परीक्षेच्या हॉलमध्ये, तिला फोन करता येत नव्हता, पण कॅफेत फोन केला होता. शाळेच्या फाटकापाशी पोचतो तर अर्धं कॅफे तिथे उभं. पत्ते खेळणारी मंडळी, त्यांच्या बायका, विर्जिलियो गाडीच्या पायरीवर चढलेला, घरमालकसुद्धा. शाळेचा वॉचमन येऊन विचारून गेला, काही मोर्चा आहे का.

दार उघडलं, पोरं बाहेर लोटली. त्यात योलांदा. आदेलिनो पुढे धावला. "पेपर कसा गेला?" तो ओरडला, आणि त्याच क्षणी ती ओरडली, "काय झालं?" दोघंही उत्तराची वाट बघत उभे. मग विर्जिलियोनेच वरून गर्जना केली, "जिंकलो!" ती बापाच्या गळ्यात पडली तेव्हा नेमकी त्याच्या दुखऱ्या खांद्यावर, आणि तो कळवळला, पण त्याने तिला सोडलं नाही. वर्तुळांचे प्रश्न दोन आले होते. दोन्ही सुटले होते.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. योलांदा लोस्टॉफ्टच्या कॉलेजात यंत्रांचं शिकली. आदेलिनोला बंदराच्या फाटकावर काम मिळालं. उचलायचं काही नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायची. मग देशाने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं आणि आमच्या गल्लीत पुन्हा धाकधूक सुरू झाली. पण या वेळी नियम सोपा निघाला. इतकी वर्षं इथे राहिला आहात का, एवढंच विचारलं. आदेलिनोला कायमचं राहायचा हक्क मिळाला तो त्याच्या स्वतःच्या नावावर. मोबाइलवर संदेश आला तेव्हा तो कामावर होता. त्याने फाटक उघडायचं सोडून सगळ्या ड्रायव्हरांना तो दाखवला, आणि रस्त्यावर मालट्रकांची ही रांग लागली.

आणि योलांदा? तिला काम मिळालं ते पोर्तुगालमध्ये. उत्तरेला व्हियाना दु कास्तेलूच्या समोर समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथे ती होडीतून जाते आणि शिडी चढते. तिकडे लोक तिला इंग्रज म्हणतात, कारण तिचं पोर्तुगीज यार्मथच्या कॅफेतलं आहे, त्यात विर्जिलियोच्या शिव्या आहेत आणि आदेलिनोचं संथपण. तिने बापाला किती वेळा सांगितलं, ये, इथे मोठं घर आहे, ऊन आहे. गेल्या उन्हाळ्यात तो महिनाभरासाठी म्हणून गेला. तिने त्याला होडीत बसवायचाही प्रयत्न केला म्हणे.

दोन आठवड्यांत परत आला. विमानतळावरून सरळ माझ्याकडे, हातात बॅग. मी विचारलं, एवढ्यात कसा रे?

"शनिवारी पत्त्यांची स्पर्धा आहे," तो म्हणाला, खुर्ची ओढून. "आणि तिकडे माझ्याशी कोणी नीट भांडत नाही. पानं वाट."